मधल्या पाण्याचा नमुना

दादा,

माझ्या पाणी-तपासणीच्या अहवालामुळे जलाशयावरचा तुझा नौकाविहार बंद झाला आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस. पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरली होती, तळाशी प्राणवायू उरला नव्हता. साहेब म्हणाले, "सुट्ट्या संपेपर्यंत थांबू या." मी म्हटलं, "त्या सायीत विष आहे. पोरं बोटीतून त्याच पाण्यात हात घालतात." मी अहवालावर सही केली. पुन्हा वेळ आली तरी तेच करीन.

आज आमच्या खात्याच्या बोटीचं इंजिन बिघडलं. बाटल्या घेऊन मी काठावर खोळंबले होते, तेवढ्यात तू तुझी बोट आणून लावलीस. "बस," एवढंच म्हणालास. मधोमध पोचल्यावर नमुन्याची दोरी तूच सोडलीस. बाटली वर येताच विचारलंस, "झालं का पाणी चांगलं?"

'हो' म्हणावंसं फार वाटलं. पण म्हणाले, "सुधारतंय. अजून झालेलं नाही."

तू दोरी गुंडाळून ठेवलीस. मग म्हणालास, "उद्या लवकर निघू. सकाळी वारा कमी असतो."

भांडायला म्हणून हा कागद कालच घेतला होता. आता टपालात टाकत नाही. उद्या तुझा डबा मी आणते.

तुझी,
धाकटी