पिंगळ्याला कोण ओ देणार

३ एप्रिल
वेणी अर्धी राहिली. आठ वर्षं ह्या नातीच्या डोक्याला तेल मी थापते, आणि आज केतकी मध्येच उठून बाल्कनीत पळाली. का, तर दिल्लीतल्या आमच्या ह्या क्वार्टरसमोरच्या कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळा राहायला आलाय. घुबडाचं धाकटं भावंड. म्हणते, आजी बघ, मान पार पाठीमागे फिरवतो! म्हटलं, त्यात काय? सासू पाठीमागे काय करतेय ते मी मान न वळवता ओळखायची. कुणी टाळ्या नाही वाजवल्या.
मला काही वाटलं नाही. दोन दिवसांत कंटाळेल.

६ एप्रिल
कंटाळली नाही. संध्याकाळची माझी गोष्ट बंद. आता तीच मला शिकवते. पिंगळ्याचे डोळे खोबणीत हलत नाहीत, म्हणून मान फिरवावी लागते. म्हणजे व्यंगच की! माझा गुडघा वाकत नाही, त्याचं कौतुक कुठंय?

८ एप्रिल
त्याची जेवायची रीत बघितली. उंदराचं पिल्लू अख्खं गिळतो, चावायचं नाव नाही. मग हाडं-केस पचत नाहीत, त्यांची गोळी करून ओकतो. केतकी ती गोळी पेपरवर घेऊन काडीनं उकलत बसली. आमटीतलं आमसूल ताटाबाहेर काढणारी पोरगी! सून स्वरूपा म्हणते, आई, ते सायंटिफिक आहे. मी ओकले असते तर म्हणाली असती का सायंटिफिक?
ठरलं. पिंगळा जाणार.

११ एप्रिल
आमच्या साताऱ्याकडे घुबड दाराशी बसलं की बायका हाकलून लावतात. खालच्या मजल्यावरच्या शुक्लाइनला सकाळी तेवढंच सांगितलं, ये पंछी अपशकुनी है, कालनी में कुछ हो जाएगा. म्हटलं, दुपारपर्यंत काठ्या घेऊन येतील.
संध्याकाळी आल्या. पूजेची ताटं घेऊन. म्हणे, अरे अम्मा, ये तो लक्ष्मीजी की सवारी है, आपके तो भाग खुल गए! सगळ्या ब्लॉकच्या बायका माझ्या बाल्कनीत, आणि चहा मी केला. शुक्लाइननं झाडाखाली बुंदी ठेवली. येडी. त्याला किडे लागतात, पाली लागतात. बुंदीला मुंग्या लागल्या.
मी काही त्याची चौकशी करत नाही. कानावर पडतं.

१९ एप्रिल
नवी युक्ती. अंधारातला प्राणी, उजेडाला भ्यायलाच पाहिजे. मुनिरक्याच्या बाजारातून मोठा बल्ब आणवला आणि दिवेलागणीला बाल्कनीत लावला. बल्बवर किडे जमले. किड्यांवर पिंगळा आला. आता थेट कठड्यावर बसतो, बायकोलाही आणतो. पंखांचा आवाज म्हणून नाही. मी दोरीवरचे कपडे काढायला गेले तर नाकासमोर हजर, दोघं, डोळे वटारून.
केतकीनं गळ्यात हात टाकले. म्हणाली, आजी, तू त्यांच्यासाठी लाइट लावलास?
हो म्हटलं. आलेली मिठी कोण परत करतं?

१७ मे
सुट्टी लागली. केतकी बापाबरोबर आजोळी नागपूरला गेली. निघताना पाया पडली आणि म्हणाली, आजी, त्यांची काळजी घे. त्यांची!
असू दे. झालं ते चांगलंच झालं. पिंगळा इथं, ती तिथं. रोज व्हिडिओ कॉल करणार म्हणालीय. आता मध्ये कुणी नाही. हिरवी साडी काढून ठेवली, फोनमध्ये रंग उठून दिसतो.

१८ मे
फोन आला. माझं तोंड दिसल्या दिसल्या म्हणाली, आजी, जरा बाजूला हो ना, झाड दिसत नाही.
झाले बाजूला.

२० मे
आज तिनं तिकडून चिर्र-चिर्र करून पिंगळ्याला हाक मारली. पठ्ठ्या ढिम्म. वर पाठ फिरवली. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग मी फोनच्या मागे, तोंडावर पदर धरून, चिर्र-चिर्र केलं. नाचायलाच लागली. बोलला, आजी, बोलला! माझ्याशी बोलला! माझ्या एका शब्दावर ही पोरगी आजवर अशी नाचलेली नाही.
स्वयंपाकघरातून स्वरूपा खिदळली. म्हटलं, दात काढू नकोस, ज्येष्ठमध आण, घसा खरवडलाय.
उद्यापासून पिंगळ्यानं नुसतं बसायचं. स्वरूपानं मध्ये तोंड घालायचं नाही. केतकीनं हाक मारली की ओ मी देणार.