टीव्हीवरची निर्मला

९ मे
पाकिस्तानशी लढाई सुरू, आणि काल रात्री सगळ्या आमच्या आगर गावात फटाके! सुनिल — माझा सख्खा दीर — टीव्हीसमोर नाचत ओरडतोय, "कराची गेली! गेली!" अरे, कराचीच्याच जेलात तुझा भाऊ, माझा दीपेश, आहे ना? पोरबंदरच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला, हद्द ओलांडली म्हणून पकडला. चौथं वर्ष लागलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं! सासूबाई पडद्यावरच्या जाळाकडे बोट दाखवून एकच विचारतात, "माझा पोऱ्या तठंच ना गं?" काय सांगू?

दुपारी कळलं, तो जाळ कराचीचा नव्हताच. कुठला तरी जुना व्हिडिओ. मेल्यांनी साधं 'चुकलं'सुद्धा म्हटलं नाही.

१० मे
चॅनलची बाई घरी आली. सुनिलनेच आणली. "बोल वहिनी, आवाज दिल्लीला पोचेल." बोलले. तिथं बॉम टाकू नका, आमची माणसं आहेत तिथं, आधी त्यांना आणा. तिने विचारलं, राग येतो? म्हटलं, येतो! खूप येतो! कुणी आमचं ऐकतच नाही.

दीपेशने जेलात बसून ओवलेला मण्यांचा मोर दाखवला. मागे एक खलाशी सुटला, त्याच्याबरोबर माझ्यासाठी पाठवलेला. बाईचे डोळे भरले. चांगली वाटली मला.

११ मे
लढाई थांबली म्हणे. चॅनलची नाही थांबली. मला दाखवलं! मागे जाळ, ढाणढाण म्युझिक. ती बाई विचारते, "पाकिस्तानचा राग येतो?" — हे तिने मला विचारलंच नव्हतं! — आणि मी म्हणते, "येतो! खूप येतो!" खाली मोठ्या अक्षरात: 'कराची जाळून टाका — खलाशाच्या पत्नीचा टाहो'. बस्स, एवढंच. बॉम टाकू नका, ते कुठे गेलं? मोर कुठे गेला?

सुनिलला म्हटलं, तू तिथेच उभा होतास. तुझ्या कानांनी ऐकलंस. तर म्हणतो, "टीव्हीवर असंच लागतं गं वहिनी. लोक खूश आहेत."

माझ्या घरातला माणूस!

१३ मे
देवळासमोर माझा सत्कार. पार्टीच्या साहेबांच्या हातून शाल, नारळ. बॅनरवर मी, आणि माझ्यापेक्षा मोठा सुनिल. माईक हातात आला तेव्हा सांगणार होते, मी असं बोललेच नाही. सुनिल कानात पुटपुटला, "आता गप बस. साहेब दीपेशचं काम करतो बोललेत."
माईक परत दिला. शाल घेतली.

२ जून
साहेब फोन उचलत नाहीत.

१९ नोव्हेंबर
सायवनचा प्रविण सुटून आला! दीपेशच्याच बराकीतला. दीपेश बरा आहे, जिवंत आहे! प्रविणच्या पिशवीत मण्यांच्या वस्तू, ज्याच्या त्याच्या घरच्यांसाठी. सासूबाईंना दीपेशने मण्यांचं पाकीट पाठवलंय. त्यांनी ते डोळ्यांना लावलं. मी बघत राहिले. प्रविणने पिशवीची घडी घातली.
"आणि मला?"
तो मान वर करेना. मग म्हणाला, "टीव्ही आमच्या बराकीत पण होता, वहिनी. तू बोललीस ते तिथल्या बातम्यांत लागलं. सगळ्यांनी बघितलं."