खबर देणारी

प्रिय मने,

पाकीट बघून तू आधी कपाळाला हात लावशील. फोन हाताशी असताना ही बाई कागद का काळे करते, असं म्हणशील. पण फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुलाही माहीत आहे. तुझे बाबा शेजारच्या खोलीत असले की मी तुला 'डॉक्टर' म्हणते आणि तुझ्या पायांच्या सुजेची चौकशी माझ्या दाढेच्या नावावर करते. परवा बाबा म्हणाले, एकदाची काढून टाक ती दाढ, किती दिवस कुरवाळत बसणार आहेस. मी मान डोलावली. आधी हसू आलं, मग त्या हसण्याचीच लाज वाटली. आत्ता ते फिरायला गेलेत, म्हणून लिहायला बसले आहे.

थोरल्या काकांनी घराण्याचा इतिहास छापला, हे तुझ्या कानावर आलं असेल. चांगलं जाडजूड पुस्तक आहे, वर सोनेरी अक्षरं. छापण्याआधी तपासायला माझ्याकडेच आलं होतं. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या बाईला दुसरं काय काम देणार? मी पहिल्या पानापासून बोट ठेवत वाचलं. पिढ्यान्‌पिढ्या नुसते पुरुष, आणि बायका असल्याच तर कंसात. मी काकांना म्हटलं, एवढी सगळी मुलं काय झाडाला लागली होती? काका हसले, बाबा हसले नाहीत. शेवटच्या पानावर आम्हा दोघांची नावं होती आणि त्याखाली कोरी जागा. मी पेन्सिलीनं कडेला लिहिलं, 'इथे एक नाव राहिलं आहे.' पुस्तक छापून आलं तेव्हा जागा तशीच कोरी होती. ती दुरुस्ती कुणी खोडली, हे मी विचारलं नाही. बाबा मात्र तेव्हा म्हणाले, एवढं वाटतं तर तुझ्या माहेरचं तू लिही. त्यांनी टोमणा मारला होता, मी तो मनावर घेतला.

माझ्या माहेरचं म्हणजे काय, तर आई आणि आईची आई. आईला तू पाहिलंयस, तिच्या मांडीवर खेळलीस. तिच्या आईबद्दल मात्र मला लहानपणापासून एकच वाक्य माहीत होतं: 'मी पाच वर्षांची असताना गेली.' याच्या पुढे काही विचारलं की आईला दूध उतू गेल्याचा वास यायचा. शेगडीवर दूध असो नसो, ती उठून जायची. ती गेल्यावर तिच्या पेटीत मला तिचा शाळेचा दाखला सापडला. ती शाळेतून निघाली तेव्हा चांगली परकरातून साडीत आलेली होती, आणि त्या दाखल्यावर पालक म्हणून तिच्या आईचं नाव होतं. जी बाई कधीच वारली होती, ती पालक कशी असेल? पण मने, तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली की माणसाला सगळीकडे चुकाच दिसतात. मी म्हटलं, कुणा कारकुनाची डुलकी, मुद्राराक्षसाचा विनोद. मनातल्या मनात ते नाव खोडलं आणि पुढे गेले. एवढी एकच खरी गोष्ट हाताला लागली होती, ती मी चूक म्हणून दुरुस्त करून टाकली.

मग नोंदणी कचेरीच्या खेपा सुरू झाल्या. तळघरात लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, एक पंखा आणि वह्या काढून देणाऱ्या एक बाई. धुळीमुळे त्या वाक्यागणिक शिंकायच्या, मी त्यांचं नाव शिंकाबाई ठेवलं आणि एकदा चुकून तोंडावरच म्हणाले. त्या रागावल्या नाहीत, उलट त्या दिवसापासून वह्या लवकर मिळायला लागल्या. मी मृत्यूच्या वह्या मागायचे. आई पाच वर्षांची असेल तो सुमार, मग त्याच्या अलीकडे पलीकडे. किती तरी माणसांचे शेवट वाचले. ताप, पाण्यात पडणं, म्हातारपण, आणि बायकांच्या पुढे 'बाळंतपण', 'बाळंतपण'. आमची मात्र कुठे नाही. बाबांना मी वाचनालयात जाते असं सांगत होते. ते एका अर्थी खरंच होतं.

शेवटी मी हात टेकले. शिंकाबाईंना म्हटलं, आता पुरे, उद्यापासून तुमचा त्रास वाचला. त्या म्हणाल्या, एवढ्या खेपा घातल्यात, रिकाम्या हातानं कशाला जाता, स्वतःची नोंद तरी बघून जा. आता स्वतःच्या जन्माची नोंद कोण बघायला जातं? आपल्याकडे दाखला असतो, त्यावर आईबाप आणि तारीख, संपलं. पण मूळ वहीतले सगळे रकाने दाखल्यावर उतरत नाहीत. शेवटचा रकाना असतो, जन्माची खबर कोणी दिली त्याचा. मी सवयीनं शेवटपर्यंत बोट नेलं. तिथे आजीचं नाव होतं. शाळेच्या दाखल्यावरचं तेच नाव, तेच आडनाव. धंदा सुईण. बाळाशी नातं: नाही.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग पान उलटलं. पुढच्या पानावर तीच, त्याच्या पुढच्यावरही तीच. आजूबाजूच्या गल्ल्यांतली निम्मी पोरं तिच्या हातावर झालेली. मी तिला इतके दिवस मेलेल्यांत शोधत होते आणि ती इथे, जन्मांच्या वहीत, पानापानावर उभी होती. जी माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेली असं मी समजत होते, तिनंच मला पहिल्यांदा हातात घेतलं होतं. शिंकाबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा मला कळलं की मी रडतेय.

आईला विचारायची सोय नव्हती. मग माझ्या धाकट्या आत्याकडे गेले. मी झाले तेव्हा ती लग्नाची व्हायची होती, आता ऐंशी उलटलीत. लेकाकडे तिसऱ्या मजल्यावर असते, कान गेलेत, पण आठवण अजून सुरीसारखी. मी आजीचं नाव तिच्या कानाशी मोठ्यानं घेतलं. ती म्हणाली, वहिनीला शब्द दिला होता, पण आता ती नाही, तुझा बापही नाही, सांगितलं तर कुणाचं काय बिघडणार.

आजी तरुणपणीच एकटी पडली. पदरात एक मुलगी, म्हणून ती इस्पितळात सुईणीचं काम शिकली. कुणाच्याही घरी, कुठल्याही वेळी बोलावणं आलं की पिशवी उचलून निघायची. माझ्या वडिलांच्या घरच्यांना मुलगी पसंत पडली असती, पण अशी हिंडणारी आई त्यांना चालली नसती. तेव्हा आईच्या मामानं मार्ग काढला. लग्न त्याच्या घरून केलं आणि सांगितलं की मुलीची आई ती लहान असतानाच वारली. ही युक्ती आजीला मान्य होती. माझ्यापायी पोरीचं अडायला नको, असं तीच म्हणाली होती. त्यानंतर मायलेकींनी एकमेकींना ओळख दाखवायची नाही, असं ठरलं. पुढे माझ्या वेळी आईला कळा सुरू झाल्या, ठरवलेली सुईण आली नाही आणि बाळ अडलं. शेजारणीनं सांगितलं, पलीकडच्या गल्लीत एक हुशार बाई आहे. तिला मागच्या दारानं आत घेतलं.

आत्या उशाशी बसली होती, आईचा हात हातात धरून. वडिलांची आई समोर खुर्ची टाकून बसलेली, ती शेवटपर्यंत हलली नाही. सुईण आत आली, तिची आणि आईची नजर भेटली आणि दोघींनी खाली बघितलं. आत्या म्हणते, कळा आल्या की सगळ्याच 'आई गं' करतात, पण वहिनीनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ओठ चावून रक्त आलं तरी नाही. सासू कौतुकानं बघत होती, काय सोशिक सून मिळाली म्हणून. सुईण मात्र पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ओरड बाई, आवाज कोंडू नकोस." आई नुसती मान हलवायची. मी झाले, तिनं मला पुसलं आणि सासूच्या हातात दिलं. हात धुतले, पिशवी भरली. निघताना तिनं आईच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ राहिला. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. आत्याला तेव्हा संशय आला. नंतर खोलीत दोघीच असताना तिनं विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "तोंड उघडलं असतं, तर तिलाच हाक मारली असती."

पुढे मला आजीचा मृत्यूही सापडला. आता कुठली वर्षं बघायची ते ठाऊक होतं. मी तेव्हा शाळेत जात होते, त्याच शहरात, तिच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. खबर घरमालकिणीनं दिली होती. मला आता आठवतं, आमच्या गल्लीत कुणाचं बाळंतपण असलं की आई खिडकीत जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, ही काय चौकसपणा करते, खरं तर तिचा तो स्वभाव नव्हता. मला फार वाईट वाटतं, मने. रागवायचं म्हटलं तर कुणावर रागवू? एकीनं दुसरीचं भलं बघितलं, दुसरीनं पहिलीचा मान राखला, आणि दोघीही एकट्याच गेल्या.

इथवर परवा लिहिलं आणि डाळींच्या डब्यांमागे लपवून ठेवलं. आज आता लपवायचं काही उरलेलं नाही. मागच्या फोनवर तू म्हणालीस, "बाबांना चोरून येणारी आई मला नको. बाळंतपणाला मी बाई ठेवली आहे." मला राग आला, म्हणून मग मी फोनच केला नाही. पण तुझं बरोबर होतं. तू हे मूल एकटीनं वाढवायचं ठरवलंस आणि बाबांनी दार लावून घेतलं. मी ते लावलंही नाही आणि उघडलंही नाही, फटीतून तुझ्याशी बोलत राहिले. आज सकाळी बाबा वर्तमानपत्र वाचत होते, तेव्हा समोर बसून सांगितलं की मी शनिवारी मनीकडे जाते आहे आणि बाळ बाळसं धरेपर्यंत तिथेच राहणार आहे. त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं. मग म्हणाले, "मग इथलं काय?" मी म्हटलं, "इथलं तुम्ही बघा." ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. परत आल्यावर माझ्यासाठी दार उघडेल की नाही, मला माहीत नाही. सकाळच्या गाडीनं निघते, दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेन. तुला मी नको असेन तर दारातच सांग, मी परत फिरेन, मनात काही धरणार नाही. पण राहू दिलंस तर एवढं एक ऐक. कळा सुरू झाल्या की सोशिकपणा दाखवू नकोस. ओरड, वाटेल तेवढं ओरड. हाक मार. मी ओ देईन.

तुझीच,
आई