बेन्यामीनचा दगड

मी, रिबका शालोम झिराडकर, वय ७३, निवृत्त शिक्षिका, राहणार अनसिंग, ता. जि. वाशीम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाची जबरदस्ती नाही. वैताग आहे, पण त्याला कायद्याची हरकत नसावी.

१. आम्ही ज्यू, मूळचे कोकणातले बेने इस्राएल. वडील रेल्वेत होते, बदलीने वाशीमला आले, मग इथे स्थायिक झाले. आम्ही ख्रिस्ती नव्हे. हे सांगून तोंड दुखले, म्हणून आता लेखी देते.

२. माझा थोरला भाऊ, सेकंड लेफ्टनंट बेन्यामीन, १९७१च्या लढाईत तीन जखमी जवानांना ओढून मागे घेऊन आला. चौथ्यासाठी परत गेला, तो गेलाच. मरणोत्तर शौर्यपदक आईच्या हाती दिले. पलटणीने त्याला सोबतच्या जवानांबरोबर मानाने अग्नी दिला. आमच्यात पुरतात. पलटणीला दोष नाही. पण कबरीवर आम्ही फूल नाही, खडा ठेवतो, आणि आई शेवटपर्यंत विचारायची, "मी खडा कुठे ठेवू?"

३. अकरा वर्षांपूर्वी गावातल्या स्मारक समितीने त्याच्या नावाचा दगड उभारला. मी खडा घेऊन गेले, तर दगडावर क्रूस! तक्रार केली. अध्यक्ष इंद्रभान यांनी शेजारी ॐ, चंद्रकोर आणि धम्मचक्रही कोरून घेतले.

"मावशी, आता तं कोनाचीच तक्रार नाही राह्यली ना?"

"माझी आहे. आमचा सहा टोकांचा तारा?"

"आता जागा कुठी हाय? देव एकच असते. कायले तरास करून घेता?"

तो खडा अजून माझ्या टेबलावर आहे.

४. पदक मी शिकवत होते त्या शाळेला. कपाटात कोंडू नये, मुलांच्या हातात द्यावे.

५. घर, बँकेतली ठेव आणि शिलाई मशीन शेजारीण रत्नमाला हिला. आमचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सांजेला दिवा लावून सुरू होतो. त्या वेळी माझ्या खिडकीत उजेड दिसला नाही, की ती भिंतीपलीकडून ओरडते, "बाई, दिवा!" आणखी कारण द्यायला मी बांधील नाही.

६. वडिलांचे भिंग इंद्रभान यांना, कोरण्याआधी वाचण्यासाठी. परंतु ते या कागदाचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे वकील म्हणाले, म्हणून ते आजच हातात दिले.

७. मला परसात, सीताफळाखाली पुरावे. परवानगी काढून ठेवली आहे. मेल्यावर हेलपाटे कोण घालणार? पलटणीने परत पाठवलेल्या ट्रंकेत बेन्यामीनची प्रार्थनेची शाल आहे. आमच्यात पुरुषाला तिच्यात गुंडाळून पुरतात. त्याची ती तशीच राहिली. ती माझ्याशेजारी ठेवावी. वर दगड एकच. आधी त्याचे नाव, खाली माझे, आणि तारा. चिन्ह दुसरे एकही नको.

सहीपूर्वीची नोंद : इंद्रभान यांनी भिंगातून सर्व वाचले.

"माह्यावरच लिवलं अन् मलेच सही मांगता?"

"खोटं असेल ते सांगा."

ते टेबलावरचा खडा बोटाने फिरवू लागले. मग म्हणाले, "मंग पुढं आमी खडा कुठी ठेवाचा, मावशी? तिथं समितीच्या दगडावर, का इथं परसात?"

अकरा वर्षांत पहिला नीट प्रश्न. उत्तर या कागदाचा भाग समजावे : इथे.

सही : रिबका शालोम झिराडकर

साक्षीदार : १. इंद्रभान (सही) २. साधना, परिचारिका (सही)

अनसिंग, दि. १२ फेब्रुवारी २०२५