ज्याची तार, त्याच्या हातात

मी, प्रमिला आधार बिऱ्हाडे, वय ६४, धुळे तार कार्यालयातून निवृत्त, अविवाहित, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्याच संतापात, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते.

१. देवपुरातील माझ्या घराची मागची खोली भाऊ भटू यास. पुढच्या खोलीत बाके, पंखा आणि माझा इंग्रजी-मराठी शब्दकोश राहील. आजाऱ्यांनी व त्यांच्या घरच्यांनी तिथे बसून आपल्या दुखण्यावरचे संशोधन वाचावे. कपाटाला कडी चालेल, कुलूप नाही.

२. कारण लिहिते. शिरपूरला भटूच्या घरी डॉक्टरांचे पथक आले, सगळ्यांचे रक्त घेऊन गेले. निकाल कळवला नाही. भटूचा विलास सांधेदुखीच्या गोळ्या खात वारला. पुढे त्या तपासणीवर लेख छापल्याचे वर्तमानपत्रात वाचले, म्हणून एका वैद्यकीय ग्रंथालयात गेले.

तिथला कपाट सांभाळणारा म्हणाला, "मावशी, हे डॉक्टरांसाठी आहे. इंग्रजी तुम्हाला कळणार नाही."

"इंग्रजी मला नन्सनी छडीने शिकवलंय. तुम्हाला सभ्यपणा कोणी शिकवला नाही वाटतं?"

कपाट उघडले नाही. शेवटी लेखकालाच पत्र टाकले. त्याने प्रत पाठवली. नावे नव्हती, पण आपले घर कोण ओळखत नाही? विलासला सिकलसेल होता, आईबापांच्या रक्तातून येणारा आजार. लेख त्याच्या मरणाआधीच छापलेला होता.

३. विलासची बहीण कुंदा. तिचे लग्न माझी बहीण बेबाबाई हिच्या मुलाशी ठरले आहे. लेखाप्रमाणे कुंदाच्या रक्तात तो दोष आहे. तिला त्रास नाही. पण नवऱ्या मुलाच्याही रक्तात असला, तर त्यांच्या लेकरांना विलासचा आजार होऊ शकतो. त्याचे रक्त तपासा म्हटले, तर भटू म्हणाला, "अक्का, बठ्ठं ठरी गयं शे. आते लगीन मोडशी का?" मोडायचे की करायचे, ते कुंदा ठरवेल. लेख व मी केलेले मराठी भाषांतर कुंदास. ~~मी गेल्यावर माझ्या जलदानविधीत~~ ते मोठ्याने वाचावे, जेवणाआधी. जेवल्यावर आपली माणसे ऐकत नाहीत.

४. वरचे शब्द मीच खोडले आहेत. तार वाईट असो की चांगली, ज्याच्या नावाची त्याच्या हातात, त्याच दिवशी. बाप दारात आडवा आला तरी. तीच तार मी माझ्या मरणापर्यंत दाबून ठेवली, तर त्या कपाटवाल्यात आणि माझ्यात फरक काय? कलम तीन आजच अमलात येईल. कागद पिशवीत भरले आहेत.

साक्षीदारांनो, सह्या लवकर करा. शिरपूरची एसटी माझ्यासाठी थांबणार नाही.

सही : प्रमिला आधार बिऱ्हाडे (खाडाखोडीवरही)

साक्षीदार : नूर महंमद शेख, शेजारी
केसरबाई मोतीलाल सोनवणे, निवृत्त परिचारिका

धुळे, ९ फेब्रुवारी १९९१