शिरीषाची ढोली

३ मार्च, सोमवार
शिरीषाच्या वाळक्या शेंगांचा तो खुळखुळाट! शाळेच्या खिडकीबाहेर तो सुरू झाला, की आमची कवितेची चाल आपोआप त्याच्या ठेक्यावर जायची. आज लेकीकडे कायमचा राहायला आलो आणि तोच आवाज कानी पडला. जावई या जुन्या शहरबागेचा अधीक्षक, घर बागेतच. दारासमोर थोरला शिरीष, बुंध्यात माणूस उभा राहील एवढी ढोली. म्हातारपण सोन्याचं झालं.

५ मार्च, बुधवार
जावई झाडांच्या ढोल्या सिमेंटने बुजवतो आहे. मी म्हणालो, झाड वाऱ्यात डोलतं, सिमेंट डोलत नाही. आतल्या आत घासून मरेल ते. तर म्हणतो, बाबा, तुमची दाढ सिमेंटने भरली तेव्हाही अशीच कविता सुचली होती का? लेकही हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

७ मार्च, शुक्रवार
मजूर गेले तरी हा गडी थापी घेऊन शिरीषापाशी. मी आडवा गेलो. त्याने मला पोराला उचलावं तसं बाजूला केलं. संतापाने ओरडलो, तुलाच चिणला पाहिजे यात! लेकीने मला घरात ओढून नेलं.

८ मार्च, शनिवार
ढोली बुजलेली. जावई नाही. फोन घरातच. लेक म्हणते, रागावून गेले असतील. माझ्याकडे मात्र बघत नाही.

९ मार्च, रविवार
सिमेंटच्या आतून टकटक. मग त्याचाच आवाज — बाबा, फोडा. लेकीने हंबरडा फोडला. मी छिन्नी-हातोडा घेतला. घाव घालत होतो त्याच्या अडेलपणावर, माझ्या जळक्या जिभेवर. निघाला! जिवंत. राखाडी, गार. बोलत नाही. डॉक्टरांना निरोप धाडला.

१० मार्च, सोमवार
आतल्या खोलीत पडून नुसतं पाणी पितो. लेकीचा हात सोडत नाही. सोडवायला गेलो तर बोटं मुळांसारखी — लेक म्हणते, दुखतंय हो बाबा, पण त्यांना रागावू नका —

दुपारी
दार वाजलं. डॉक्टर असतील म्हणून उघडलं.

उंबऱ्यात जावई. दाढीचे खुंट, हातात पिशवी. म्हणतो, ढोली बुजवून तसाच मित्राकडे गेलो होतो, बाबा. उतरला का राग? ही कुठाय?

आतल्या खोलीची कडी — आतून लागली —