बाबांची फुली

ती. आईस,

नमस्कार. मी बरा आहे. दोन्ही वेळा नीट जेवतो.

ऑफिसात रस्त्यांचे नकाशे तपासतोय. काल एकात हमरस्ता थेट तळ्यातून गेलेला सापडला आणि एकच पूल दोनदा काढलेला. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, "अरे, एक जायला, एक यायला!" बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने हसलो. मग उगाच अपराधी वाटलं.

गेल्या वर्षी इथे आले तेव्हा बाबांनी तुझ्यासाठी स्टेशनपासून माझ्या खोलीपर्यंतचा नकाशा काढला होता आणि निघताना इथेच विसरले. तो सोबत पाठवतोय. त्यात लाँड्री भलत्याच बाजूला आहे. खोलीची फुली तर कोपऱ्यावरच्या बेकरीवर पडली आहे, म्हणजे मी भट्टीतच राहतो! दुरुस्त करायला पेन्सिल घेतली, पण मन धजेना.

गुडघा कसा आहे? ताई म्हणते, तू हल्ली फाटकापर्यंतही जात नाहीस. एकदा इकडे ये ना. ताई गाडीत बसवून देईल. स्टेशनवर उतरलीस की बाबांच्या नकाशाप्रमाणेच चालत ये. त्यांनी फुली मारली आहे तिथे, बेकरीच्या पायरीवर, मी उभा असेन.

तुझाच,
धाकटा